स्टॅच्यू बोललं की हलायचं नाही

म्युझियममधे मी सगळ्यात आधी काय पाह्यलं असेल, तर कापलेलं मुंडकं. खरंच! मले वाटलं होतं म्युझियम म्हणजे शांत जागा, राण्या गुलाब हुंगून राहिल्या, असं काहीतरी. आन् पहिल्याच दिवशी स्मार्ट बोर्डवरच्या चित्रात हे एवढं मुंडकं, केसाले धरलेलं, मानेतून रक्ताच्या बारीक लाल रेघा. नववीचा पूर्ण वर्ग डोळे फाडून पाहून राहिला. मंग मागच्या बेंचवरून आवाज आला, "दीदी, ज़ूम करो ना."

आन् दीदीनं केलं!

दीदी म्हणजे म्युझियमवाली. ती दूरच्या कोण्या मोठ्या शहरात, आम्ही इकडे रायपुरात. शाळेनं नवीनच सुरू केलं होतं हे, शुक्रवारी शेवटचे दोन पिरियड लाइव्ह सेशन. दीदी तिकडे मोबाईल घेऊन चित्रांसमोर फिरे, इकडे बोर्डवर आमाले दिसे. बोर्डाच्या वर छोटा कॅमेरा होता, त्यातून तिले आमचा वर्ग दिसे. तिचे प्रश्न नेहमी तेच. "इस तस्वीर में क्या हो रहा है?" आन् कोणी काही बोललं की लगेच, "आपको ऐसा क्यों लगा? तस्वीर में दिखाओ." नुसतं "राजा गुस्से में है" बोलून चालत नव्हतं. कुठे दिसला गुस्सा? भुवईत? मुठीत? दाखव.

मी तर पागल झाली होती या सेशनसाठी. गुरुवारपासूनच घड्याळ पाहत राहू. आन् चित्रं कोणती, तर सगळी मारामारीची. वाघाच्या पोटात भाला, हत्तीच्या पायाखाली माणूस, हरणाच्या गळ्यात कुत्र्याचे दात. हत्तीखालच्या माणसाची पगडी सुटून लांब गेलेली सगळ्यात आधी मले दिसली. दीदी बोलली, "तुम्हारी नज़र बहुत तेज़ है."

तेज असणारच. घरी मले सारखं पाहत राहावं लागे ना, हात कोणीकडून येऊन राहिला ते.

हात ताईचा. ताई म्हणजे काकांची पोट्टी. माझ्याहून थोडीशीच मोठी, एकाच वर्गात आम्ही, पण तिले "ताई"च बोलायचं असा घरचा नियम. बाबा रेल्वेत, बिलासपूरले, फक्त रविवारी येत. म्हणून आई आन् मी बूढ़ापाऱ्यात काकांच्या घरी. ताई आन् मी एका खोलीत, एका पलंगावर.

ताई कबड्डीची कॅप्टन होती. आन् मले मारायची. चिमटे-बिमटे नाही, मारायची. पाठीत गुडघा. माझी वेणी कपाटात घालून वरून दार लावायची आन् बोलायची, "जा आता शाळेत." एकदा गरम इस्त्री कानाजवळ आणली, इतकी जवळ की जळक्या केसांचा वास आला. काहून? तर मी तिच्या बाटलीतलं पाणी पेली म्हणून!

आईले सांगतलं. आई बोलली, "बहिणी-बहिणीत होते असं. आन् हळू बोल, काकू आयकन." काकूले सांगतलं, तर काकू पोळी लाटता लाटता बोलली, "तू भल्ली नाटकी आहेस." काकांले सांगायचा तर सवालच नव्हता. काका सदर बाजारातल्या दुकानातून घरी आले की कुकरची शिट्टीसुद्धा हळू वाजते असं वाटे.

मले एकच पाहिजे होतं. कोण्या एका माणसानं ते स्वतःच्या डोळ्यानं पाहावं आन् मले त्या खोलीतून काढावं. बस.

मंग तो देवीवाला शुक्रवार आला. चित्रात देवी राक्षसाले मारून राहिली होती, पाय त्याच्या छातीवर, त्रिशूळ वर उचललेला. दीदी बोलली, आज चित्र पाहायचं नाही, चित्र बनायचं. कोण देवी, कोण राक्षस, कोण शेर, या समोर. मी "स्टैच्यू" बोललं की कोणी हलायचं नाही, "ओवर" बोलत नाही तोपर्यंत. आमाले काय सांगायचं ते! लहानपणापासून स्टॅच्यू खेळूनच मोठे झालो.

देवी कोण, हे विचारलंही नाही कोणी. सारा वर्ग ताईचं नाव ओरडला. ताईनं पुठ्ठ्याचा मुकुट घातला, पोछ्याचा डंडा त्रिशूळ म्हणून घेतला. कबड्डीचं ढिलं जॅकेट तिनं गर्मीतही अंगात ठेवलं होतं. दीदी हसली, "देवी जी, जैकेट?" ताई बोलली, "ठंड लग रही है." एप्रिल महिना, वर्गात पंखे गरगर, आन् इले ठंड! सगळे हसले. मंग ताईनं बोटानं मले बोलावलं.

"राक्षस ये बनेगी."

मी जमिनीवर पडली. दीदी बोलली, "बहुत बढ़िया, अब... स्टैच्यू!"

ताईचा एक बूट माझ्या छातीवर नुसता टेकवलेला, दिखाव्याले. दुसऱ्या पायाची टाच माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर. आन् तिनं वजन टाकलं.

मी तोंड वाकडं केलं. दीदी आनंदानं ओरडली, "वाह! क्या एक्सप्रेशन है! फ़ोटो ले रही हूँ." फोटो काढला. आन् त्याच वेळी नेट अटकलं. बोर्डवर दीदीचं तोंड अर्धवट उघडं, तसंच थांबलं. आता "ओवर" कोण बोलणार?

वर्ग खी-खी करून राहिला, पण कोणी हललं नाही, खेळाचा नियम ना. ताई वरून पाहून राहिली होती. टाच हळूहळू फिरवली, माचिसची काडी विझवतात तशी. मले आवाज आला. बाहेरून नाही, हातातून आला. कट्. मी ओरडली तर शेर बनलेला पोट्टा बोलला, "ए, राक्षस हिल गया, आउट!"

घरी ताईनंच सांगतलं, "दारात आलं तिचं बोट." बोटाले पट्टी. आन् दीदीनं पाठवलेला तो फोटो आमच्या वर्गाच्या सरांनी पालकांच्या ग्रुपवर टाकला. झालं! "किती सुंदर देवी!" हात जोडलेले, फुलं, अंगठे. आई बोलली, "पाह्य बरं, किती छान आला फोटो." मी आईच्या मोबाईलवर माझ्या बोटांवरची टाच दाखवली. आई बोलली, "ॲक्टिंग आहे ना ते." काकूनं तर स्टेटस ठेवला. पण कापून. फक्त ताईचं तोंड आन् मुकुट. मले वाटलं, चला, माझं थोबाड गेलं ते बरंच झालं.

पुढच्या शुक्रवारी बोर्ड चालू झाला. बोर्डवर आम्हीच. दीदी बोलली, "आज की तस्वीर आपकी अपनी है. देखो, धीरे-धीरे देखो. क्या हो रहा है इसमें?"

पहिले मस्तीच झाली. "दीदी, सर रील देख रहे हैं!" खरंच, कोपऱ्यात खुर्चीवर सर, मोबाईलमधे मुंडी. सर बोलले, "चुप रहो रे, मैसेज था." "शेर की चेन खुली है!" सगळे बेंच बडवून राहिले.

मंग समोरच्या बेंचवरची एक पोट्टी, कधी बोलत नाही ती, बोलली, "राक्षस एक्टिंग नहीं कर रही."

"आपको ऐसा क्यों लगा?"

"उंगली देखो. जूते के नीचे. सफ़ेद हो गई है."

दीदीनं ज़ूम केलं. माझी बोटं बोर्डवर दरवाज्याएवढी झाली. दिसलं! कोणालेतरी दिसलं! मी ताईकडे पाह्यलं. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. मले वाटलं आता सगळे तिच्यावर तुटून पडतीन, आन् खोटं काहून बोलू, मले ते पाहिजेच होतं.

पण मागच्या बेंचवरचा तो "ज़ूम करो"वाला उभा राहिला. "दीदी, ऊपर जाओ. देवी का हाथ."

त्रिशूळाचा हात वर होता, त्यानं ढिली बाही कोपरापर्यंत घसरली होती. मनगटापासून कोपरापर्यंत आडवे पट्टे. निळे, काही पिवळे. घरीही ती सदा लांब बाह्याच घाले, मले ते आजपर्यंत दिसले नव्हते, आन् म्हणे नज़र तेज!

कोणीतरी बोललं, "कबड्डी का होगा."

"कबड्डी का ऐसा नहीं रहता," तो बोलला. "ये बेल्ट का है."

दीदीचा आवाज हळू झाला, पण तोंडातून सवयीनं तेच निघालं. "आपको... ऐसा क्यों लगा?"

"मुँह बचाने के लिए हाथ ऊपर करो तो इधर ही लगता है," त्यानं आपली बाही वर केली. "मेरे को भी है."

आन् तेव्हा माझ्या डोक्यात काकूचा स्टेटस आला. फोटो कुठून कापला होता ते. माझ्यासाठी नव्हता कापला. काकूनं तो हात कापला होता.

ताई उठली. स्टीलची भरलेली बाटली उचलली आन् पूर्ण ताकदीनं बोर्डवर फेकली. धाड्! काच जाळ्यासारखी फुटली, दीदीचे तुकडे तुकडे झाले, तरी त्यातून आवाज येऊनच राहिला, "बेटा... बेटा, सुनो..." मंग ताई त्या पोट्ट्यावर गेली. त्याले बेंचवरून ओढलं, कॉलर धरून बुक्क्या मारल्या, नाकातून रक्त काढलं. तो हात वर करून नुसता बसला. मारू दिलं त्यानं तिले. सरांनी आन् चौघा पोरांनी ओढून बाजूला केली.

प्रिन्सिपल मॅडमच्या ऑफिसात घरच्यांले बोलावलं. काका, काकू, आई. मॅडम अजून बोर्डाचंच सांगून राहिल्या होत्या, की काकांनी ताईकडे वळून विचारलं, एकदम मऊ आवाजात, "घरची इज्जत फोडून राहिली का?" आन् हात उचलला.

ताईचा हात आपोआप तोंडासमोर गेला. बाही घसरली.

मले काय झालं मले माहीत नाही. मी जोरात ओरडली, "स्टॅच्यू!"

आन् काका थांबले. खरंच थांबले! तेही खेळले असतीलच ना कधीतरी. हात वर, तोंड लाल. खाली ताई, कोपर वर, पट्टे उघडे. मॅडम पाहून राहिल्या. सर पाहून राहिले, या वेळी मोबाईलमधे नाही. आई पाहून राहिली. कोणालेच विचारावं लागलं नाही की या चित्रात काय होऊन राहिलं.

मंग तो हात खाली आला, माझ्या कानावर. मी टेबलाले जाऊन लागली, ओठ फुटला, तोंडात लोखंडाची चव. काकांनी परत उचलला, तर काकूनं तो दोन्ही हातांनी धरला. काकू! तीच काकू बोलली, "मॅडम, पाहा तुम्ही. नीट पाहा. फोटोत मीच कापलं होतं हे." आन् ताईची बाही तिनं स्वतः पूर्ण वर सरकवली, खांद्यापर्यंत.

आईनं माझी पट्टी पकडली. "हे दारात नव्हतं आलं ना?"

मी "नाही" म्हणून मुंडी हलवली.

काकू ताईले घेऊन गोंदियाले गेली, ताईच्या मामाकडे. आई आन् मी तेलीबांध्याकडे भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. मले माझी खोली भेटली. बोट वाकडंच जुळलं.

ताईच्या जायच्या दिवशी ऑटो दारात उभा, आन् ताई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बोलली, "स्टॅच्यू."

मी उभी. आता कोणीकडून येते हात, म्हणून पाहून राहिली. पण ती माझ्या बोटाकडे पाहत होती. खूप वेळ, धीरे-धीरे, दीदी सांगायची तसं. सॉरी-बिरी काही नाही. मंग एकदम माझी वेणी धरली आन् खाचकन ओढली, डोळ्यात पाणीच आलं, आन् जाऊन ऑटोत बसली.

ऑटो तलावाच्या वळणावर दिसेनासा झाला तरी मी तशीच उभी होती. ओव्हर बोललीच नाही ना ती.