पोत्याला पट्टा

माणसं खुर्चीवर बसतात, भिंगरी खुर्चीला नुसता टेकतो. त्याच्या अंगात बसणं आणि उठणं या दोन क्रिया इतक्या एकमेकींत मिसळल्या आहेत, की चहा देणाऱ्याने कप नेमका कुठल्या उंचीवर धरावा हेच कळत नाही. आईवडिलांनी त्याचं नाव काही तरी भारदस्तच ठेवलेलं असणार. पण लाकडाच्या वखारवाल्याने एकदा भर गिऱ्हाइकांत "तुझ्या पायाला भिंगरी लागलीय का रे?" असं विचारलं आणि त्या दिवसापासून बारशाचं नाव रद्द झालं. आता साठी उलटली, केस पिकले, पण भिंगरी फिरतेच आहे.

घराच्या मागून त्याचा डोंगर सुरू होतो. डोंगर म्हणजे फार मोठा नाही, पण चढणाऱ्याला तसं सांगू नये. वरपासून खालपर्यंत झाडं. त्यातली कमजोर, वाकडी, एकमेकांच्या अंगावर पडलेली झाडं काढायची, त्यांचे वासे आणि जळण करायचं, मोकळ्या जागी नवी रोपं लावायची. सारी हयात हे काम तिघांनी मिळून केलं होतं. तो, त्याची बायको आणि 'मावशी'. मावशी म्हणजे त्यांचं खेचर. हे नाव भिंगरीनेच ठेवलेलं, कारण ती त्याच्याकडे नेहमी, हा मुलगा काही मार्गी लागणार नाही, अशा नजरेने पाहायची.

गेल्या वर्षी वरच्या वळणावर ओल्या पाल्यावरून बायकोचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण डॉक्टरांनी चढ कायमचा बंद केला. त्यानंतर मावशीनेही काम सोडलं. भिंगरी दोर धरून ओढायचा आणि ती गोठ्याच्या दारात चारही पाय रोवून उभी राहायची. "म्हातारी झाली," तो सगळ्यांना सांगायचा.

तेव्हापासून तो एकटाच वर जायचा, आणि बायको व्हरांड्यात बसून कानांनी त्याच्या मागे मागे फिरायची. संध्याकाळी तो खाली आला की पाण्याच्या तांब्याबरोबर अहवाल तयार असायचा.

"करवत आज दोनदा अडकली ना?"

"एकदा."

"दोनदा. दुसऱ्यांदा तुम्ही तिला बोललातही. इथवर ऐकू आलं."

पण एकट्याने तोडायचं, एकट्यानेच वाहायचं, हे किती दिवस चालणार? एक ठेकेदार येऊन डोंगर पाहून गेला होता. सगळा ठेक्याने द्या म्हणाला, माझं यंत्र आठवड्यात साफ करून टाकील. 'साफ' हा शब्द त्याने असा उच्चारला, जणू डोंगराला दाढीच वाढली होती. शहरातल्या लेकीचं म्हणणं सरळ होतं. "बाबा, एक तर तुम्हा दोघांना झेपेल अशी गाडी घ्या, नाही तर डोंगर देऊन टाका आणि इकडे या. आई त्या व्हरांड्यात बसून झुरतेय." महिनाअखेर ठेकेदाराला उत्तर हवं होतं.

बायको या चर्चेत फारशी पडली नाही. ती एकच वाक्य बोलली, "मला वर जायचंय." आणि शेंगा सोलायला लागली.

झालं! त्या वाक्याने भिंगरीच्या पायांखाली तापलेला तवाच सरकवला. तो गाड्या बघायला लागला. बघायला म्हणजे काय, जेवताना ताट तिरपं धरून त्यावर वाटी सरकवून बघायचा की कुठल्या उतारावर काय उलटतं. "भाजी उलटते," बायको सांगायची, "पुढे?"

पहिल्यांदा त्याने चार चाकांची ती मोटरसायकल पाहिली. चढायला बेडकासारखी चपळ. पण तिच्यावर पाय टाकून घोड्यासारखं बसावं लागतं, आणि खुब्याने ते मान्य केलं नसतं. मग वखारवाल्याच्या ओळखीची जुनी जीप पाहिली. ताकद भरपूर, पण वळणावर तिचं ढुंगण दरडीला घासलं असतं. मग बुटका ट्रॅक्टर. तो ओंडके हसत ओढतो, पण आडव्या उतारावर असा झुकतो की शेजारच्याने आपली शेवटची इच्छा मनात जुळवून ठेवावी. शेवटी एका शोरूममध्ये त्याला उघड्या, दोन माणसांच्या, मागे हौदा असलेल्या छोट्या गाड्या सापडल्या. विकणारा तरुण त्यांना काही तरी लांबलचक इंग्रजी नाव सांगायचा. भिंगरी त्यांना बग्गी म्हणायला लागला, आणि चार दिवसांनी तो तरुणही बग्गीच म्हणायला लागला.

एक थोरली बग्गी होती आणि एक धाकटी. थोरलीचा हौदा प्रशस्त, इंजिन दणकट, चाकं कमरेएवढी. धाकटी म्हणजे तिच्यापुढे बाळंतविड्यातलं खेळणं. भिंगरीने धाकटीच्या टायरला बुटाने टोचलं आणि तो पुढे गेला.

पण नुसतं पाहून त्याचा जीव भरेना. शेजारी बायको बसणार, तिच्या हाडाला किती हादरे बसतील, उतारावर ती घसरेल का, वळणावर कलेल का? तिलाच घेऊन यावं, तर परक्या चढावर भलतंच काही झालं म्हणजे? तेव्हा त्याने एक युक्ती काढली. डॉक्टरांच्या कागदावर बायकोचं वजन होतं. तो वखारीत गेला, एका पोत्यात वाळू भरली आणि काट्यावर ठेवून अगदी तेवढं वजन केलं.

"हे काय रे?" वखारवाला म्हणाला.

"बायको."

"मग आणखी दोन ओंजळी टाक. तुझी बायको मी पाहिलीय."

"त्या दोन ओंजळी म्हणजे डोकं. ते पोत्यात येत नाही."

शोरूममध्ये त्याने पोतं शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, दोनदा ओढून पाहिला आणि गाडी मागच्या चढावर घातली. गाडी पुढे आणि नजर पोत्यावर, अशी ती सफर. तरुण श्वास रोखून उभा. एका वळणावर पोतं कललं आणि भिंगरीच्या खांद्यावर अलगद टेकलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चालत्या कामात इतक्या विश्वासाने त्याच्या खांद्यावर कोणी मान टाकली नव्हती. तो खाली उतरला तो नाराज होऊन. "कलते," म्हणाला. पुन्हा वर गेला. सीटवर उशी घातली, पुन्हा वर. पट्टा घट्ट केला, पुन्हा वर. दुसऱ्या दिवशी पुन्हा शोरूम. तिसऱ्या दिवशी शोरूम उघडायच्या आधी तो दारात. घरी आला की फोन. "अहो, त्या थोरलीचं सीट पुढे सरकतं का?" "सरकतं, काका." पाच मिनिटांनी पुन्हा, "आणि मागे?"

महिनाअखेर जवळ येत होती. ठेकेदाराचे दोनदा फोन येऊन गेले. भिंगरीला अन्न गोड लागेना. थोरली घ्यावी असं सकाळी पक्कं ठरायचं, दुपारी मोडायचं. अंगणात त्याच्या येरझाऱ्यांनी गवताची एक पट्टीच मेली होती.

अशात एक दिवस तो घाईघाईत पोतं तिथेच विसरून आला, आणि तरुणाने भल्या मनाने घरी फोन केला. फोन घेतला बायकोने.

भिंगरी दारात आला तेव्हा ती व्हरांड्यात वाटच पाहत होती.

"या. माझं पोतं विसरून आलात म्हणे."

भिंगरीने आधी आभाळाकडे आणि मग चपलांकडे पाहिलं. "कोणी सांगितलं?"

"तुमच्या त्या मुलाने. म्हणाला, काकू, तुमच्याएवढंच वजन आहे, मला उचलवत नाही."

"अगं, तुला हादरे किती बसतील ते बघत होतो."

"मग काय म्हणालं पोतं? आवडली गाडी?"

"असं काय करतेस! तुझ्या काळजीने मी..."

"काळजी कळली मला." ती हसत होती, पण मधेच तिचं हसू थांबलं. "एक सांगा. वर गेल्यावर मी काय करायचं?"

"काय म्हणजे? बसायचं. बघायचं. हवा खायची."

"हवा इथेही आहे. म्हणजे पोत्यासारखं वर जायचं आणि पोत्यासारखं खाली यायचं. त्यासाठी पोतंच न्या. त्याला काठीसुद्धा लागत नाही."

तिचा आवाज आता खाली आला होता.

"इतकी वर्षं मावशीचा दोर कोणाच्या हातात होता?"

"तुझ्या."

"आणि तुम्ही?"

"मी पुढे. तोडायला. चार झाडं इकडे, चार तिकडे."

"ओंडका पडला तिथे तिला कोण नेऊन उभी करत होतं? उतरताना कोण थोपवत होतं? तुमच्या हातात दोर दिला की ती दारातून हलायची तरी का? म्हातारी झाली म्हणे! परवा मी गोठ्यात गेले तर माझ्या मागे मागे अंगणभर फिरली." तिने काठी भिंतीला टेकवून ठेवली. "तुम्हाला ताटावर बसवत नाही, आणि त्या चाकामागे दिवसभर बसणार? दर ओंडक्याला उतरणार, उचलणार, परत चढणार? अहो, गाडी मी चालवणार आहे."

भिंगरी खुर्चीवर बसला. पूर्ण बसला, पाठ टेकून. बायकोलाही हे नवीनच होतं. तिने काळजीने विचारलं, "बरं वाटतंय ना?"

गाड्यांच्या त्या सगळ्या चाचण्यांत त्याने हादरे पाहिले, कल पाहिला, हौदा पाहिला. हिचा पाय ब्रेकपर्यंत पोचतो का, एवढं मात्र पाहिलं नव्हतं. पोत्याला पाय नव्हते.

लेकीने फोनवर आकांत केला. "आई गाडी चालवणार? मोडलेल्या खुब्याने? डोंगरावर?"

"खुब्याने नाही, हाताने चालवतात," आई म्हणाली. "खुब्याने फक्त बसायचं."

दुसऱ्या दिवशी दोघं शोरूममध्ये गेली. तरुणाने थोरली पुढे आणली. बायकोने काठी त्याच्या हातात दिली, पायरीवर पाय ठेवून पाहिला आणि काढून घेतला. फार उंच. मग ती धाकटीकडे गेली. पाठमोरी होऊन सीटवर टेकली, दोन्ही पाय एकत्र उचलून आत घेतले, वळली आणि बसली. ब्रेक दाबला. मग उतरली. पुन्हा बसली, पुन्हा उतरली. कोणाचा हात न लागता. तरुण मदतीला पुढे झाला तर म्हणाली, "तू काठी सांभाळ."

"ही," ती म्हणाली.

"अगं, हिचा हौदा बघ! वखारवाला हसेल. दुप्पट फेऱ्या होतील."

"होऊ देत. मला कुठे जायचंय?"

भिंगरीने तरुणाकडे पाहिलं, तरुणाने टायरकडे. पण खरी परीक्षा शोरूमच्या फरशीवर होणार नव्हती. ठरलं असं, की तरुणाने धाकटी एक दिवसासाठी डोंगरावर आणायची.

आणली. आधी अंगणात तिने बराच वेळ गोल गोल चकरा मारल्या. गोठ्याच्या दारातून मावशी पाहत होती. मग गाडी चढाला लागली. पुढे भिंगरी, उलटा चालत, दोन्ही हात पंख्यासारखे हलवत. "डावीकडे! डावीकडे! हळू! दगड आहे! अगं दगड!" मागून काठी घेऊन तरुण धापा टाकत.

"मला दगड दिसतो," गाडीतून आवाज आला. "मला तुमच्यामुळे वाट दिसत नाहीये."

वरच्या वळणावर गाडी थांबली. ती पडली होती ती हीच जागा. पाला तसाच ओला होता. इंजिन पुटपुटत राहिलं. भिंगरीला वाटलं, आता ही म्हणणार, पुरे, घरी चला, आणि उद्या आपण ठेकेदाराला हो म्हणणार. तो गाडीजवळ आला, हात पुढे केला आणि हळूच म्हणाला, "उतरतेस? मी नेतो वळणापलीकडे."

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "तुम्ही मधे उभे आहात म्हणून थांबलेय."

तो दरडीला चिकटून उभा राहिला. तिने गिअर बदलला, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि मावशीला द्यायची तोच चुचकारण्याचा आवाज तोंडाने काढून गाडी वळणावरून वर घेतली. मागची चाकं पाल्यावर जराशी फिरली, मग त्यांना जमीन सापडली.

वर पोचल्यावर तिने इंजिन बंद केलं आणि बराच वेळ इकडे तिकडे पाहिलं. भिंगरी ती काही तरी बोलेल म्हणून थांबला. डोळे वगैरे भरून आले तर काय करायचं, याचीही त्याने तयारी ठेवली होती.

"हे वासे कोणी रचले?" ती म्हणाली. "जाड बाजू खाली नको का? कोसळेल की सगळं."

मग गाडी तिने उताराच्या तोंडाशी वळवून लावली, हौदा ओंडक्यांच्या बाजूला, उचलणाऱ्याला दोनच पावलं पडतील अशी. एवढं नीट आजवर फक्त मावशीच उभी राहिली होती. भिंगरीने पहिला ओंडका उचलून हौद्यात ठेवला. तोच त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्याचे हात मातीने भरलेले, म्हणून बायकोनेच तो काढून घेतला. ठेकेदार होता.

"नाही, ते कामात आहेत," ती म्हणाली. "मीही कामात आहे... डोंगराचं ना? तो द्यायचा नाही आम्हाला... नाही, उद्याही नाही." आणि फोन आपल्याच मांडीवर ठेवला.

तेवढ्यात मागून धापा टाकत आलेल्या तरुणाने हौद्यातला ओंडका पाहिला आणि काठी हवेत उंचावली. "अहो काकू! काका! ही नुसती दाखवायची गाडी आहे. रंग खरचटेल!"

"खरचटली तर काय करता?" बायकोने विचारलं.

"खरचटली तर मग परत कशी घेणार, काकू?"

बायकोने भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीने त्यातल्या त्यात खडबडीत सालीचा, सगळ्यांत जाड ओंडका निवडला, छातीशी धरला, आणि हौद्यात जरा जोरातच टाकला.