रुपरावांचं विरजण

रुपराव भोयर यांना दह्याशिवाय जेवण जात नसे. काटोलजवळच्या गावाहून ते नागपुरात नोकरीला आले, नंदनवनात खोली घेतली, तरी हे खूळ काही सुटलं नाही. अडचण एवढीच, की ते कामाला होते शेती-संशोधनाच्या एका केंद्रातल्या कम्प्युटरच्या खोलीत, आणि तिथला एसी असा, की भर मे महिन्यात स्वेटर घालावा. तिथं दही लागणार कसं? रुपरावांनी तोड काढली. यंत्राच्या पाठीमागून गरम हवा येई, तिथं स्टुलावर ते आपलं पातेलं झाकून ठेवत. कपाटाएवढ्या त्या महागड्या यंत्राचा इतका चांगला उपयोग हिंदुस्थानात दुसऱ्या कोणी केला नसेल.

चौऱ्याऐंशी सालची ही गोष्ट. यंत्र एकच, पण त्याच्या पोटात रुपरावांनी चार यंत्रं वसवली होती. खरी नव्हेत, भासाची. केंद्रातल्या चार विभागांना एकेक दिलेलं, आणि प्रत्येकाला वाटे, अख्खा कम्प्युटर आपलाच आहे. यातल्या एकात काही बदल करायचा झाला, की रुपराव आधी त्याची होती तशी प्रत डिस्कवर काढून ठेवत. बिघडलं तर प्रत उलगडायची. यंत्र पुन्हा होतं तिथं उभं.

प्रत पुसायची मात्र त्यांची छाती होत नसे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या हातून एक चुकीची आज्ञा गेली होती, आणि हवामान विभागाच्या प्रेमलताबाईंच्या पावसाच्या नोंदी पार पुसल्या गेल्या होत्या. बाई रागावल्या नाहीत. टेबलावर डोकं टेकून नुसत्या बसून राहिल्या. ते रुपरावांच्या जिवाला लागलं. तेव्हापासून दिवाळीआधीची प्रत, दिवाळीनंतरची प्रत, साहेबांनी हात लावण्याआधीची प्रत, असं सगळं ते जपून ठेवू लागले.

डिस्क गच्च भरली. साधं काही मांडायलाही यंत्र जागा शोधत फिरू लागलं. त्यातून रुपराव नव्या प्रती काढत ते ऐन कामाच्या वेळी. मग चारही विभाग पडद्याकडे बघत चहा पीत बसत.

शेवटी केंद्राचे प्रमुख कृष्णकांतसाहेब खोलीत आले. "रुपराव, सोमवारी दिल्लीचे पाहुणे येणार आहेत. तोवर हे पळायला लागलं नाही, तर तुमची ही चार यंत्रं बंद. तुम्ही परत कार्डं पंच करायला जा."

ही चार यंत्रं रुपरावांनी लेकरांसारखी वाढवली होती. त्यात त्याच दुपारी लाइट गेली, यंत्राबरोबर एसीही बंद पडला आणि उन्हाच्या तापानं मागचं दही नासलं. दैव रुसलं की पातेल्यावरही रुसतं. ते हवामान विभागात प्रेमलताबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"बाई, विरजण आहे काय थोडंसं?"

"आहे ना! तुमचंच नेलेलं, रोज लावून राहिली मी." बाईंनी आपल्या डब्यातलं दही झाकणीवर काढून दिलं.

"एवढंसंच?"

"एवढंच लागते गा भाऊ. रोजचं दही साठवून ठेवता काय तुमी? कालचं चमचाभर घरी, चमचाभर शेजारी. बस झालं!"

रुपरावांनी झाकणीवरच्या चमचाभर दह्याकडे पाहिलं. मग एकदम हसले आणि पळाले. बाईंना वाटलं, उन्हानं डोकं फिरलं.

लाइट आल्यावर त्यांनी जुन्या प्रती टेपवर उतरवल्या, टेपा उलगडून तपासल्या आणि समोरच्या इमारतीतल्या कपाटात ठेवून आले. ते झालं शेजारचं विरजण. डिस्कवर प्रत्येक यंत्राची एकच, ताजी, नीट चालणारी प्रत राहिली. बाकीच्या त्यांनी एकेक करून पुसल्या. आणि यापुढं नवी प्रत काढायची ती जेवणाच्या सुट्टीत, सगळे डब्यावर बसले की.

यंत्र पळू लागलं. असं पळालं, की लोकांना चहा अर्धा टाकून जागेवर यावं लागलं.

सोमवारी पाहुणे आले. साहेबांना हौस फार. प्रेमलताबाईंना उठवून ते स्वतःच बसले, दोन-चार कळा दाबल्या, आणि पडदा कोरा झाला. ऐन हवामानाचं यंत्र! बाई पांढऱ्याफटक पडल्या. टेबलाशी बसल्या आणि त्यांचं डोकं खाली झुकू लागलं.

"बाई, थांबा जरा," रुपराव म्हणाले. त्यांनी ‘विरजण’ नावाची प्रत मागवली आणि ती उलगडली. पावसाच्या नोंदी पडद्यावर ओळीनं उभ्या राहिल्या, शेवटच्या सरीपर्यंत. पाहुण्यांना वाटलं, हे मुद्दामच दाखवलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि साहेबांनी मान लववून त्या घेतल्याही.

चार यंत्रं राहिली. दुपारी प्रेमलताबाई डबा घेऊन यंत्रामागं आल्या, रुपरावांच्या पातेल्यातलं दही त्यांनी हक्कानं वाढून घेतलं आणि त्यांच्याही ताटात वाढलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "त्या वर्षीचा पाऊस आज फिटला गा."

रुपरावांचे डोळे भरून आले. दही त्यांनी मीठ घालायचं विसरून तसंच खाल्लं.