विमानाच्या काचेवरची पट्टी

अमरावतीहून शकीलभाईंचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला, जठारपेठेतल्या घरी भाजी निवडत होते. "बाई, विनायकराव नाही राहिले," एवढंच ते बोलले. विनायक माझा धाकटा भाऊ, शकीलभाई तिथले त्याचे शेजारी. निवडलेली भाजी झाकून ठेवली आणि एसटी पकडली.

विनू फार चांगला होता, असं आता सगळे सांगतात. तो चिडका होता. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर प्लास्टिकची विमानं जोडायला लागला. डब्यात सुटे भाग येतात, ते घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. पहिलं विमान त्यानं ऐन मे महिन्यात कूलरसमोर बसून रंगवलं. कूलरच्या ओल्या हवेनं हिरव्या रंगावर पांढरे डाग आले, अंगावर शिबं उठावीत तसे. तेव्हापासून रंगाची बाटली उघडली की कूलर बंद. मी उन्हाळ्यात त्याच्याकडे राहायला जायची आणि भांडायची.

"विमानासाठी मले उकडून काढतं काय रे?"

"मंग बाहेर ओट्यावर बस ना बाई. तुले कोनं धरून ठेवलं?"

मी ओट्यावर कधी गेले नाही. दोघंही घाम पुसत बसायचो. तो बोलायचा नाही, मीही नाही. नवरा गेल्यापासून माझ्याजवळ असं न बोलता बसणारं दुसरं कोणी नव्हतं...

शेवटचं भेटलो तेव्हा एक विमान होत आलं होतं. चालवणारा बसतो तिथल्या काचेला रंग लागू नये म्हणून चिकटपट्टी लावलेली, तेवढी काढायची होती. फार दिवस राहिली तर तिचा डिंक काचेला धरतो, हे त्यानंच सांगितलेलं.

"रंग वाळू दे. पुढच्या खेपेले तू काढजो बाई. माये हात थरथरून राहिले."

"मी आली तर."

"येशीन. कुठं जातं तू."

तेरवीनंतर पाहुणे गेले. विमान टेबलावर वर्तमानपत्राखाली तसंच होतं. काच खराब झाली तर त्याचं शेवटचं काम वाया जाणार होतं, आणि चिडायला तो नव्हता. चष्मा लावून बसले, नखानं टोक उचललं. पट्टी सावकाश सुटत आली. एका कडेला डिंक राहिला, चोळला तरी निघाला नाही. बाकी काच लख्ख. आत विमान चालवणारा बसलेला होता, हरभऱ्याएवढं डोकं, छातीवर पट्टे बांधलेले. विनूनं तो मला दाखवला नव्हता. इतके दिवस बिचारा अंधारात...

घाम नाकावरून ओघळला तेव्हा ध्यानात आलं, बसण्याआधी मी कूलर बंद केला होता. रंगाचं काम नव्हतं, पट्टी काढायला कूलर चालतो. उठून चालू करावा म्हटलं. केला नाही. त्याच्या खुर्चीसमोर तशीच बसून राहिले.