पाठमोरे गुरुजी

जगातल्या ज्या गोष्टीवर मत देता येतं अशा प्रत्येक गोष्टीवर आमच्या गुरुजींचं एक मत तयार असे, आणि जिच्यावर देताच येत नाही तिच्यावर दोन असत. हे वाक्य मी कित्येक वर्षं चारचौघांत म्हणत आलो आहे आणि दर वेळी त्याला हशा मिळाला आहे. त्यापुढची हकीगत सांगायचं मात्र टाळत आलो. आता गुरुजी नाहीत, माझी ऐंशी उलटली आहे, आणि काशीतल्या आमच्या मोजक्या मराठी घरांत त्यांची जी आठवण निघते ती मी पसरवलेल्या एका गमतीचीच निघते. ती गंमत खोटी होती. एवढं तरी कुठंतरी लिहिलेलं असावं म्हणून आज बसलो आहे.

गुरुजी मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीत, आमच्या घरापासून सहा दारं सोडून राहत. त्यांचे पूर्वज कोकणातून कधी आले हे त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. दशाश्वमेध घाटावर बांबूच्या छत्रीखाली त्यांची वडिलोपार्जित लाकडी चौकी होती आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी ते करत. घरी मंगल कार्य असलं की आमच्यापैकी सगळ्यांचे पुरोहितही तेच. उंच, सडपातळ, कानात भिकबाळी, आणि आवाज असा की लग्नात त्यांनी शेवटचं ‘सावधान’ म्हटलं की घाटावरची कबुतरं उडत. मंगलाष्टकं म्हणणं हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख होतं. त्याच्या खालोखाल सुख म्हणजे सकाळी पंचगंगा घाटावर स्नान करून वर आलं की चहाच्या दुकानाच्या फळीवर बसून, मातीचं कुल्हड हातात धरून जगाचा निकाल लावणं. मी शाळेत गणित शिकवत असे, म्हणून मला ते मास्तर म्हणत. “मास्तर, आता बसा,” म्हणाले की समजायचं, आज कुणाची तरी धडगत नाही.

राजकारणातला माणूस ते त्याच्या भाषणावरून कधी पारखत नसत. भाषण कोणीही लिहून देतं, असं त्यांचं म्हणणं. ते उमेदवाराला घाटाच्या पायऱ्या उतरताना बघत. निवडणूक आली की बहुतेक सगळेच गंगेच्या दर्शनाला येतात, त्यामुळे निरीक्षणाची सोय घरच्या घरी होती. “जो खाली बघून उतरतो ना, त्याला पडायची भीती आहे, मतलब तो मेहनत करणार. जो कॅमेऱ्याकडे बघत उतरतो त्याला वाटतं, आपल्याला कोणीतरी धरेल. मग पाच वर्षं आपणच धरायचं त्याला.” तासभर असं जाहीर बोलून झाल्यावर मी विचारायचो, तुमचं मत कुणाला? त्यावर ते गंभीर होत. “मत गुप्त असतं, मास्तर. असं कुणाला विचारू नये.”

सिनेमाचं त्यांना तरुणपणापासून वेड. अडचण एकच होती. दुपारचा खेळ पाहिला तर सूर्यास्ताच्या संध्येला उशीर होई, म्हणून ते प्रत्येक सिनेमा मध्यंतरापर्यंतच बघत आणि उरलेला घरी येता येता स्वतः रचत. अशा रीतीनं त्यांनी शेकडो सिनेमे अर्धे पाहिले आणि अर्धे केले. त्यांच्या सिनेमात नायिका बहुधा दुसऱ्याच, जरा जास्त समजूतदार माणसाशी लग्न करी आणि खलनायक नोकरीला लागे. एकदा त्यांनी एका सिनेमाचा शेवट इतक्या खात्रीनं सांगितला, की तो तीनदा बघितलेला पोस्टातला एक गृहस्थ म्हणाला, “मग मी बहुतेक दुसराच पाहिला.” पुढे सिनेमे फोनवर आले, संध्याही वेळेवर होऊ लागली, तरी गुरुजी बरोबर मध्यावर फोन बंद करत. “मध्यंतरापर्यंत माणसं आपल्या मर्जीनं वागतात. नंतर निर्माता त्यांना हाताला धरून घरी पोचवतो. ते काय बघायचं?”

पण खरी भक्ती क्रिकेटवर. सामन्याच्या दिवशी उपरण्याच्या आडून एका कानात समालोचन चालू असे. एकदा साताऱ्याकडचे एक गृहस्थ वडिलांचं श्राद्ध करायला आले होते. गुरुजी संकल्प सांगत होते, गृहस्थ एकेक शब्द मागून म्हणत होते, आणि मध्येच गुरुजी कळवळून म्हणाले, “गेला.” गृहस्थांनीही हात जोडून “गेला” म्हटलं आणि त्यांना रडू कोसळलं. गुरुजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दोघं आपापल्या दुःखात बराच वेळ बसून राहिले. जाताना गृहस्थ मला म्हणाले, इतक्या मनापासून विधी करणारे गुरुजी त्यांनी पाहिले नव्हते. त्यात खोटं काहीच नव्हतं.

अशा माणसाला भाकितं केल्यावाचून राहवतं थोडंच. कोण निवडून येणार, कुठला सिनेमा पडणार, नाणेफेक कोण जिंकणार, सगळं ते सकाळीच सांगून टाकत. आणि लोकांनी नंतर बदलून सांगू नये म्हणून त्यांनीच मला म्हटलं, “मास्तर, तुम्ही लिहून ठेवा. तुमच्या अक्षरावर सगळ्यांचा विश्वास आहे.” शाळेतून निवृत्त होताना हजेरीची एक कोरी वही माझ्याकडे राहिली होती. तीत मी लिहू लागलो. भाकीत बरोबर आलं की हजर, चुकलं की गैरहजर.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात करमणुकीच्या कार्यक्रमात मला बोलायला सांगितलं. मी ती वही घेऊन उभा राहिलो. बरोबर आलेल्या भाकितांवर लोकांना हसता येत नाही, म्हणून ती सगळी गाळली आणि फक्त चुकलेली, एकापाठोपाठ एक, हजेरी घेतल्यासारखी वाचली. शेवटी म्हणालो, “तेव्हा ज्याला हरायचं असेल त्यानं आमच्या गुरुजींचा आशीर्वाद घ्यावा.” हशा थांबेना. पहिल्या रांगेत गुरुजी उपरण्यानं डोळे पुसत हसत होते. नंतर प्रसाद घेताना माझ्याजवळ आले. “मास्तर, मस्त वाचलंत. पण ते पोटनिवडणुकीचं माझं बरोबर आलं होतं ना?”

“ते पान सापडलं नाही,” मी म्हणालो.

खरं म्हणजे त्या वहीत बरोबर आलेली भाकितं चुकलेल्यांहून दोन-तीन जास्तच होती. हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

गंमत गल्लीबाहेर गेली. एका उमेदवाराचा कार्यकर्ता पेढ्यांचा पुडा घेऊन आला आणि साहेबांच्या विरोधकाला आशीर्वाद द्या म्हणून पाया पडला. चहाच्या दुकानात टीव्ही होता, सामना रंगात आला की तरुण मंडळी हात जोडत, “गुरुजी, प्लीज, जरा घाटावर फिरून या ना.” गुरुजी उठत. एकदा ते उठल्यावर आपण जिंकलो, आणि मग ते ठरूनच गेलं. मोठा सामना असला की गुरुजी नावेनं गंगेच्या पलीकडे जात, तिथल्या रेतीवर गमछा अंथरत आणि शहराकडे पाठ करून बसत. नावाड्यानं फोन बंद ठेवायचा, अशी अट. शहरात फटाके वाजले की समजायचं जिंकलो. मग वळायचं. उभ्या शहरात क्रिकेटवर त्यांच्याइतकं प्रेम करणारा माणूस नव्हता, आणि सामना न बघणारे तेच एकटे होते. “देशासाठी एवढं तर करावंच लागतं,” असं ते हसून म्हणत. मीही हसत असे.

पुढे गल्लीतल्या एका घरी नातवाची मुंज निघाली. घर पिढ्यान्‌पिढ्या गुरुजींच्याच घराण्याकडचं. पण त्या घरच्या आजीबाई म्हणाल्या, “गुरुजी चांगलेच आहेत हो. पण पहिलंच कार्य आहे, उगीच कशाला?” हे ‘उगीच कशाला’ मग घरोघर फिरलं. मुंजी गेल्या, वास्तुशांती गेल्या, लग्नं गेली. श्राद्धांना मात्र त्यांना बोलवायला कुणाची हरकत नव्हती. तिथं बिघडायचं काही शिल्लकच नसतं. गुरुजींनी तक्रार केली नाही. “श्राद्धाचं बरं असतं, मास्तर. यजमानाला निकालाची धास्ती नसते.” फक्त संध्याकाळी त्यांच्या दारावरून जाताना आतून मंगलाष्टकं ऐकू येत, अगदी हलक्या आवाजात, कुणाच्या लग्नाशिवाय.

मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. गुरुजींनाच बोलवायचं, यात मला शंका नव्हती. रात्रीचं जेवण झाल्यावर बायको म्हणाली, “अहो, ती वही तुम्ही गमतीनं वाचलीत, मला माहीत आहे. पण मुलीचं आहे. उद्या काही कमी-जास्त झालं तर मी मलाच दोष देत बसेन.” पस्तीस वर्षं गणित शिकवलेला, त्या वहीतला हिशेब एकट्यालाच ठाऊक असलेला मी म्हणालो, “बरं.” दुसऱ्या दिवशी गुरुजींना सांगितलं की व्याह्यांचे गुरुजी नागपूरहून येताहेत. तेही खोटंच होतं. मी दुर्गाघाटाकडचे एक तरुण भटजी ठरवले होते, आणि आमच्या गल्लीत अशी गोष्ट लपत नाही. गुरुजी म्हणाले, “अच्छा. नागपूरकडचे लोक अष्टकं घाईनं म्हणतात. तेवढं सांगा त्यांना.”

लग्नाच्या आदल्या दिवशी ते दारात आले. हातात घडी केलेला अंतरपाट होता. “तुमच्या लग्नात माझ्या वडिलांनी हाच धरला होता. असू द्या घरात.” मी म्हटलं, आत या, चहा घ्या. ते उंबऱ्याच्या बाहेर दोन पावलं मागे सरकले. “नको, नको. कार्य आहे घरात. मी आत येत नाही.”

तोवर मी समजत होतो की गुरुजी लोकांची गंमत सांभाळून घेताहेत. त्या दिवशी कळलं की आपण पनौती आहोत हे त्यांना खरंच वाटू लागलंय. माझ्या अक्षरावर त्यांचाही विश्वास होता. तेव्हाच वही आणून त्यांच्यापुढे उघडायला हवी होती. घर पाहुण्यांनी भरलं होतं, मांडववाला हाका मारत होता, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं.

शेवटी एकदा ठरवलं. परदेशात एका मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना होता, आपल्याकडे सकाळी सुरू होऊन उन्हं कलताना संपणारा. गुरुजी पलीकडे गेले होते. मी दुसरी नाव करून गेलो. इतक्या मोठ्या रेतीवर ते एकटेच, शहराकडे पाठ करून, जपाला बसल्यासारखे बसले होते. मी मागून जाऊन म्हणालो, “गुरुजी.”

ते वळले. आधी मला पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून पलीकडचं सगळं शहर. आणि चटका बसावा तसे पुन्हा फिरले. “का आलात, मास्तर?”

“बोलायचं होतं.”

“सामना होऊ द्या. बसा. इकडे तोंड करून बसा.”

मी बसलो. आमच्या दोघांच्या सावल्या समोर रेतीवर लांबत गेल्या. फटाके वाजले नाहीत. आणखी थोडा वेळ थांबलो. शेवटी नावाड्यानं फोन चालू केला आणि खाली बघत म्हणाला, “हार गये, गुरुजी.”

गुरुजींनी उठून गमछ्यातली रेती झटकली. मग म्हणाले, “मी वळून पाहिलं.”

“गुरुजी, त्याचा काय संबंध...”

“तुमचा दोष नाही. तुम्हाला काय माहीत. पण मास्तर, कुणाला सांगू नका. पोरं वर्षभर बोलणार नाहीत माझ्याशी.” त्यांनी उभ्या आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. मी म्हणालो, “नाही सांगणार.” माफी मागायला गेलो होतो, वचन देऊन आलो. ते आजपर्यंत पाळलं, आणि गप्प राहायला मला ते फार सोयीचंही पडलं.

त्यानंतर गुरुजी आणखी दोन हिवाळे होते. रोज सकाळी फळीवर भेटत. मतं पूर्वीसारखीच देत, पण पुढे काय होईल असं विचारलं की “बघू या” म्हणत. मी त्यांच्या शेजारी बसून चहा घेई. तशा शेकडो सकाळी मिळाल्या मला. पण राहून राहून आठवते ती त्या दिवशीची परतीची नाव. मी वाक्य जुळवत होतो आणि गुरुजी पाण्याकडे बघत होते. घाट आला. ते आधी उतरले आणि मला वर घ्यायला त्यांनी हात पुढे केला. तो हात धरून मला म्हणायचं होतं, ‘गुरुजी, तुम्ही वळल्यानं कुणी हरलं नाही, न वळल्यानं कधी कुणी जिंकलं नव्हतं. तुम्ही चारचौघांसारखेच चुकत होता आणि चारचौघांपेक्षा जरा जास्तच बरोबर येत होता. बाकी सगळं माझं आहे. मला क्षमा करा.’

मी म्हणालो, “सावकाश, गुरुजी. इथं शेवाळ आहे.”