नाव कुणाचं घ्यायचं

माझ्या आत्याच्या गळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशननंतर आवाज बसू शकतो. बसेलच असं नाही, बसू शकतो. डॉक्टर लोक असंच बोलतात, म्हणजे काहीही झालं तरी त्यांचंच खरं. आत्या कोपरखैरणे गावातली धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचा एकेक विधी बायका गाऊन पार पाडायच्या. त्या गाण्याला धवला म्हणतात आणि गाणारीला धवलारीण. आत्याला तो अख्खा पाठ होता. लिहिलेला कुठेच नव्हता, कारण तिला लिहिता येत नाही आणि ज्यांना येतं त्यांनी तिला कधी विचारलं नाही. त्यात मीही आले.

ऑपरेशनला तीन आठवडे होते. मी बेलापूरला एका कचेरीत कारकून. सत्तेचाळीस वर्षांची, लग्न केलेलं नाही. त्यामुळे घरातली दवाखान्याची, बँकेची, रेशनकार्डाची कामं हक्काने माझ्याकडे येतात. "तुला काय, तुला वेळच वेळ!" आत्याचा धवला रेकॉर्ड करून ठेवायच्या कामाला मात्र कुणी ढकललं नव्हतं, माझी मीच उठले.

आधी फोनवर करून पाहिलं. आत्याला चार ओळी गुणगुणायला लावल्या. तिने सूर लांबवला की फोन तो गिळून टाकायचा. माझा पुतण्या म्हणाला, "फोन बोलण्यासाठी असतो गं. एकसारखा लांब आवाज आला की त्याला वाटतं पंखा चालू आहे." सत्तरीच्या बाईचा दमसास, आणि म्हणे पंखा! मला इतका राग आला की त्याच संध्याकाळी मी वाशीला वाद्यांच्या दुकानात गेले.

आठ हजारांच्या वर एक रुपया नाही, हे मी दारातच सांगितलं. दुकानदार माझ्याच वयाचा, शांत माणूस. त्याने आधी एक उभा माइक काढला आणि त्याच्यासोबत कॉम्प्युटरला जोडायची एक डबी. "स्टुडिओसारखा आवाज येतो ताई. सगळं पकडतो."

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे शेजारच्यांचा कुकरसुद्धा."

आत्याच्या गल्लीत इमारती इतक्या खेटून आहेत की शेजारीण तिच्या खिडकीतूनच आमच्याकडे मीठ मागते. शिवाय माझ्याकडे कॉम्प्युटर आहे तो ऑफिसातला. मग त्याने हातातल्या टॉर्चएवढा एक रेकॉर्डर दाखवला. वर दोन छोटे माइक, आत पेन्सिल सेल, बोटाच्या नखाएवढं कार्ड. आवाज फार चढला तर लाल दिवा लुकलुकतो, एवढंच काय ते कौतुक. "दिसायला काही नाही," तो स्वतःच म्हणाला, "पण तुम्हाला दाखवायचंय की ऐकायचंय?" मी हेडफोन लावून दुकानात दहा मिनिटं आऽ आऽ करत उभी राहिले. लांबवलेला सूर शेवटपर्यंत आला. घेऊन टाकला.

रविवारी दुपारी आत्याच्या खोलीत खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, दाराला गादी टेकवली. घामाच्या धारा. आत्याने डोक्यावरून पदर घेतला आणि देवांना आवतण देऊन सुरुवात केली. आणि थांबली.

"कोनाचं नाव घेऊ?"

धवल्यात नवरीचं नाव ओळीओळीला येतं, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हटलं, "घे कुणाचंही."

"कोनाचंही कसं? भुताचं लगीन लावू काय?"

लग्न झालेलीचं चालत नाही, जिचं एकदा लागलं तिचं लागलं. पुतणीचं बघणं चालू होतं. तिचं नाव सुचवलं तर आत्या अंगावर आली. ठरायच्या आधी नाव घेतलं तर मोडतं म्हणे. मग तिने मला खालून वर पाहिलं.

"तुजंच घेते. तुजं काय मोडनार?"

मी हसले. हसण्याशिवाय काय करणार? लागलं मात्र. पण रेकॉर्डर चालू होता, सेल जळत होते. म्हटलं, "घे. आणि नवरदेव?"

"त्याला नुसतं नवरदेव म्हनते. खऱ्या लग्नात तरी त्याचं लक्ष कुठं असतं!"

पावणेदोन तास गायली. हळद दळली, मला न्हाऊ घातलं, चुडा भरला, मांडवात बसवलं. हेडफोनमधून माझं नाव परत परत कानात येत होतं. एरवी आत्या ते फक्त ओरडताना घेते. पाठवणीला आली तेव्हा तिचा आवाज फुटला, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पण गाणं थांबलं नाही. मी लाल दिव्याकडे बघत राहिले. एकदाच लुकलुकला.

ऑपरेशन चांगलं झालं. आवाज गेला. आता ती कुजबुजल्यासारखं बोलते, दोन शब्दांत दम लागतो. गावातल्या तिघींना मी रेकॉर्डिंगची कॉपी दिली. शिकतो म्हणाल्या. एकीनेही उघडून पाहिली नाही.

वर्षभराने पुतणीचं लग्न ठरलं. भावाने हौसेने सांगितलं, हळदीला आत्याचा धवला लावायचाच. मी म्हटलं, त्यात नाव माझं आहे. "कोण ऐकतंय एवढं!" रबाळ्याच्या एका साउंडवाल्याला विचारलं, नाव बदलता येईल का. त्याने थोडं ऐकलं आणि म्हणाला, "नाव चालीतच विणलंय मॅडम. उपटलं तर गाणं लंगडं होईल."

हळदीच्या संध्याकाळी पुतणीला पाटावर बसवलं आणि भावाने स्पीकर लावला. आत्याचा जुना, भरलेला आवाज मांडवभर घुमला. बायका गप्प झाल्या. मग पहिल्यांदा माझं नाव आलं आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी फिसकन हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्याने हात वर केला. "बंद कर."

भाऊ म्हणाला, "अगं आत्या, नाव काय, नावापुरतंच..."

"ते हिचं हाय," ती माझ्याकडे बोट करून कुजबुजली. मांडवात एवढी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं. "हिचं लगीन लागलंय त्यानं. एकीचा धवला दुसरीला नाय चालत."

भावाने बंद केलं. डीजेवाल्याने त्याची गाणी लावली, पुतणी पाटावरून उठून मैत्रिणींत नाचायला लागली, छान नाचली. मला वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. धवला गाऊन लग्न लागलेली आमच्या घरातली शेवटची मुलगी मी.