गवतावर ठेवलेले देव

मयूर विहारच्या आमच्या मराठी मंडळात रविवारी मी आठवी ते दहावीच्या मुलांना बेघर माणसांवरचे सिनेमे दाखवतो. पुलाखाली चूल मांडणारी बाई पाहून मुलं हळहळतात आणि सामोशांकडे वळतात. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी त्यांनाच एक छोटा सिनेमा करायला लावलं. झोपलेल्या माणसांवर कॅमेरा रोखायचा नाही, घर जातं तो दिवस दाखवायचा, आणि जे घडलं ते कापायचं नाही, असं बजावलं.

गोष्टही मीच दिली. सरकारी नोकरीतले वडील गेले. लक्ष्मीबाई नगरमधलं क्वार्टर सोडायची मुदत संपली. मुलाची दहावीची परीक्षा होईपर्यंत राहू द्या, म्हणून आई विनवते. क्वार्टर रिकामं करून घ्यायला आलेला साहेब मराठीच, गणपतीत त्यांच्याकडे जेवून गेलेला. तो म्हणतो, "वहिनी, नियम म्हणजे नियम." सामान लॉनवर येतं. देवही गवतावर.

तो मुलगा मी, हे कुणाला सांगितलं नाही. ती परीक्षा मी फरीदाबादला मामांच्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या व्हरांड्यात राहून दिली. तिथे असेपर्यंत आई कधी केस मोकळे सोडून बसली नाही. लोकांचं घर, म्हणायची.

तो साहेब आज आमच्या मंडळाचा सर्वांत ज्येष्ठ सभासद आहे. नववीतली त्याची नात माझ्या वर्गात येते. दिग्दर्शन मी मुद्दाम तिलाच दिलं. वार्षिक कार्यक्रमात शाल पांघरून पहिल्या रांगेत बसलेल्या त्या माणसाने नातीने केलेला हा सिनेमा पाहावा, एवढंच मला हवं होतं. खरं सांगायचं तर माझ्या मनात तेव्हा कुणी बेघर नव्हतं.

नातीने माझ्यावरही कडी केली. "काका, साहेबाचा रोल आजोबा करतील! आवाज बघा ना त्यांचा, बिल्कुल सरकारी!"

मी लगेच हो म्हटलं. मला स्वतःला इतकं चांगलं सुचलंच नसतं.

शूटिंग मंडळामागच्या हिरवळीवर झालं. आजोबांनी संवादाचा कागद वाचला, एकदा माझ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्यासमोर वाक्य चोख म्हटलं. मग मुलं देव घेऊन आली तशी कागदावर नसलेलं एकदम ओरडले, "थांबा! देव खाली नाही ठेवायचे. आधी पाट आणा कुणीतरी!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी आमच्या लॉनवर पाट खरंच होता. इतकी वर्षं मनात ही गोष्ट घोळवताना मी तो काढून टाकला होता.

एडिटिंग माझ्याकडे होतं. मी ते ओरडणं कापलं आणि देव थेट गवतावर ठेवल्याचा वेगळा घेतलेला शॉट तिथे जोडला.

कार्यक्रमात तो शॉट आला तेव्हा हॉलमध्ये कुणीतरी "शी!" म्हणालं. आजोबांनी शाल काढून मांडीवर ठेवली. मला इतकं बरं वाटलं की लाजायचंही सुचलं नाही.

नंतर चहाच्या टेबलापाशी ते माझ्याजवळ आले. "पाट होता रे," हळूच म्हणाले.

"पाट आमचाच होता," मी म्हटलं. "तुम्ही फक्त मागितलात."

ते काठी टेकत गेटकडे गेले.

पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर नात थांबली.

"काका, आजोबांची लाइन का काढली?"

"लांबी वाढत होती गं."

"झूठ. घडलं ते कापायचं नाही, तुम्हीच म्हणता." मग दप्तराचा पट्टा ओढत म्हणाली, "तो मुलगा तुम्ही ना? आजोबांनी सांगितलं सगळं. मी बोलत नाहीये त्यांच्याशी. पण ती लाइन परत लावा. प्लीज."

त्यांच्याशी नातीने अबोला धरावा, हे मी मागितलं नव्हतं. मिळालं तेव्हा आत कुठेतरी गोड लागलं, हेही खरं.

लावतो, म्हटलं. तो तुकडा माझ्या कॉम्प्युटरवर आहे, पुसलेला नाही. दर रविवारी ती दारातूनच विचारते, "लावली?" तिच्याकडे पाहून मी हो म्हणायला तोंड उघडतो. मग व्हरांड्यात केस बांधून बसलेली आई दिसते आणि मी म्हणतो, पुढच्या रविवारी.