दोरीचं दुसरं टोक

मामंजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी साखऱ्याला, माहेरी होते. थोरले दीर ओट्यावर टेकत म्हणाले, "सकाळी भाकर खाल्ली, दोरी वळायला वाख घेऊन बसले, आन् बसल्या जागी गेले." मी रडले. पण खरं सांगते, आधी मनात आलं... भाकर खाऊन गेले! केवढं बरं वाटलं मला.

कारण सहा वर्षांमागं हाच माणूस भाकरीकडं बघत नव्हता. सासूबाई गेल्या आणि मामंजींनी अंथरूण धरलं. भिंतीला धरून उठायचे, हात थरथरायचे. पुसेगावात जो तो म्हणे, म्हातारपण, दुसरं काय! आम्हीही भारी शहाणे. "मामंजी, आता बसून खा," म्हणत एकेक काम त्यांच्या हातून काढून घेतलं. वैरण नको, पाणी नको, अंबाडीच्या वाखाची दोरी वळणं तर नकोच. जितकं जपलं तितके ते खंगत गेले. पोळा जवळ आला तसे यांनी बाजारातून बैलांना कासरे आणले. मामंजींनी ते हातात घेतले, खाली ठेवले आणि भिंतीकडं तोंड केलं. मला राहवेना. दाराआडूनच विचारलं, "मामंजी, तुमी काहून वळत न्हाई आता?"

भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाले, "टोक कोन धरंल, पोरी?"

सारा जन्म ते पीळ घालत आले आणि दुसरं टोक सासूबाई धरत आल्या. आम्ही हातांना तेल चोळत बसलो. मन खचलं म्हणून हात खचले, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पण सुनेनं सासऱ्यासमोर बसायचं कसं? मी दाराआड बसले आणि हात तेवढा बाहेर काढला. "द्या टोक." पहिल्या दिवशी वीतभर दोरी झाली, तीही गाठाळ. वर बोलणी मलाच! "ढिलं काहून सोडून राहिली? तुझी सासू धरायची तर बैल लाजायचा." बोलणी खाऊन मी हरखले. हळूहळू अर्ध्या भाकरीची एक झाली, ते गोठ्यापर्यंत चालू लागले. पोळ्याला बैलांना घरचेच कासरे होते. दुःख गेलं असं नाही. मधूनच भिंतीकडं वळायचे, मग मी दारातून हात काढायचे. त्या घरात माझ्याशी निवांत बोललेलं पहिलं माणूस तेच, हे उपकार मी कसे विसरू?

साखऱ्याहून परतले तेव्हा अर्धी दोरी तशीच होती. मी नव्हते, म्हणून त्यांनी दुसरं टोक दाराच्या कडीला बांधलं होतं. महिना होत आला, ती गाठ मी सोडलेली नाही.